सात आटे

मिस्त्रींच्या शोकसभेत मी दहा-बारा मिनिटं बोललो. विहाराच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. मिस्त्रींनी किती लूम जिवंत केले, किती पोरांना कामाला लावलं, सगळं सांगितलं. गाडीचा विषय आला तेव्हा मी पाण्याचा ग्लास उचलला, आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत मी पुढच्या विषयावर गेलो होतो. सभा संपल्यावर चपला शोधताना एकाने विचारलंच, "मेहता, त्या गाडीचं नक्की काय झालं होतं हो?"

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

हे उत्तर मी सात वर्षं देत आलो आहे. ते खोटं आहे. आता मीच शहात्तरचा आहे आणि माझ्या घरातले लोक हेच उत्तर माझ्याबद्दल देऊ लागले आहेत. तेव्हा लिहून टाकलेलं बरं.

भिवंडीतल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात मी मेहता होतो, म्हणजे हजेरी आणि कागदपत्रं सांभाळणारा. मेहता हे माझं आडनाव नाही, पण आमच्या पोस्टमनला ते अजून पटलेलं नाही. ज्यांची शोकसभा होती ते तिथले जॉबर, म्हणजे लूम बिघडला की त्याच्या पोटात शिरणारे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. सातवीपर्यंत शिकलेले. बोलणं गावाकडचं, तेही मोजकं.

लूम कसा चालतो हे ते बघत नसत. कसा थांबतो ते बघत. आडवा धागा तुटला की लूम जागच्या जागी थांबला पाहिजे, नाहीतर कापडात मोकळी पट्टी पडते. मिस्त्री चालत्या लूमजवळ जायचे आणि काही कारण नसताना धागा तोडायचे. सेठ लांबून ओरडायचे, "अरे मिस्त्री, अच्छा चल रहा है ना!" मिस्त्री म्हणायचे, "चालायला काय, दगूड बी उतारावर चालतो. थांबतो कसा ते बगू द्या."

नवीन कारागीर आला की त्याला ते सायकलवरून उतरायला सांगत. माणूस सायकल कुठे थांबवतो, पाय कधी टेकतो, यावरून त्याला लूम द्यायचा की नाही हे ठरे. एकदा एक जण चालत आला. मिस्त्रींनी त्याला सायकल घेऊन यायला परत पाठवलं. तो उसनी सायकल घेऊन आला, दारात पडला, आणि कामावर लागला. मी कारण विचारलं. "पडला," मिस्त्री म्हणाले, "पन जिथं थांबायचं हुतं तिथंच पडला."

मानकोली नाक्यावर ट्रक रांगेने उभे असत. मिस्त्री तिथून जाताना प्रत्येक ट्रकच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू नेत. ब्रेक लागून लागून चाकाचा ड्रम तापतो. सगळी चाकं सारखी तापली नसतील तर ब्रेक सारखे लागत नाहीत, एवढा सोपा हिशेब. पण हे ट्रकवाल्याला सांगून करायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

"ओ चाचा, क्या कर रहे हो? हवा निकालोगे क्या?"

"तेरा आगेवाला बायाँ ठंडा है."

"तो?"

"तो वो काम नहीं करता. बाकी के पाँच उसका काम करते हैं."

"चाचा, ये तो घर का भी यही हाल है," ड्रायव्हर म्हणाला. मिस्त्री हसले नाहीत. तो पाना काढेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मीही उभा राहिलो. असा मी त्यांच्यासोबत बऱ्याच ठिकाणी उभा राहिलो आहे.

हाताची ही परीक्षा अचूक राहावी म्हणून ते वर्षातून दोनदा अकलोलीला जात. गरम पाण्याच्या कुंडांत लोक अंघोळीला उतरतात, कोणी गुडघेदुखीसाठी, कोणी पुण्यासाठी. मिस्त्री प्रत्येक कुंडाच्या काठावर उकिडवे बसत, हाताची मागची बाजू पाण्याला लावत आणि डोळे मिटत. "हे कालच्या ट्रकपेक्षा कमी," म्हणत. मग पुढचं कुंड. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, पहिल्यांदा टॉवेल-साबण घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या खेपेपासून त्यांनी फक्त डबा आणला. मला म्हणाल्या, "भाऊजी, लोक देवाला हात जोडतात. आमचे हे पान्याला ताप आलाय का बगतात."

पुढे लूम बंद झाले आणि भंगारात गेले. सेठनी मानकोलीला गोदाम बांधलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकच मागणं केलं, की गोदामाच्या मागची पत्र्याची शेड मला वापरू द्या. तिथे त्यांनी गाडी बांधली. दक्षिणेकडचा एक माणूस असे सुटे भाग पाठवतो: सांगाडा, पत्रे, नळ्या, सगळं लाकडी खोक्यांत. इंजिन आपलं आपण शोधायचं. मिस्त्रींनी एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं आणलं. दोन माणसांची, बुटकी, छप्पर नसलेली गाडी. अशी गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी मिळणार नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मला कुठं जायाचं हाय?" ते म्हणाले. "मला थांबायचं हाय."

खोक्यांसोबत इंग्रजीत छापलेलं एक पुस्तक आलं होतं. ते वाचून अर्थ सांगणं हे माझं काम. पुस्तकात ब्रेकला तीन पानं होती. पेडलखाली आटे पाडलेला एक आडवा रॉड. त्याच्या एका टोकाला पुढच्या चाकांचा ब्रेक, दुसऱ्या टोकाला मागच्या. पेडल दाबलं की पायाचा जोर या रॉडवर येतो आणि दोन्हीकडे वाटला जातो. रॉड फिरवला की वाटणी बदलते. त्या पानांतलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं मागच्यांच्या जराशी आधी अडकली पाहिजेत, मागची आधी अडकली तर गाडी स्वतःभोवती फिरते. हे वाक्य मीच मोठ्याने वाचलं, मीच त्याचं मराठी करून सांगितलं. हे इथे मुद्दाम लिहितो आहे.

मिस्त्रींना पटायला वेळ लागला नाही. "थांबताना सगळं वजन म्होरं येतं. जिथं वजन तिथं ब्रेक. मागचं चाक आधी अडकलं तर मागचं म्होरं यायला बगनार. घरात बी तसंच हुतं."

मग सतरा रविवार गेले. गोदामाच्या आवारात काँक्रीटचा लांब पट्टा होता, रविवारी तिथे गाड्या नसत. चाकांवर चुन्याची एकेक रेघ ओढलेली. मिस्त्री गाडी घेऊन येणार, खुणेवर ब्रेक दाबणार. वहिनी पुढच्या चाकाकडे बघणार, मी मागच्या. आपल्या चाकाची रेघ फिरायची थांबली की हातातली सुताची कांडी वर करायची. वहिनींची पांढरी, माझी लाल. पांढरी आधी वर गेली पाहिजे, आणि लाल तिच्या लगेच मागून. पांढरी फार आधी गेली तर मागचे ब्रेक नुसते बसून खातात. लाल आधी गेली तर संपलंच. प्रत्येक खेपेनंतर मिस्त्री उतरून चारही चाकांजवळ हात नेत, पेडलखाली वाकून रॉड अर्धा आटा फिरवत, आणि नटबाहेर किती आटे दिसतात ते मला वहीत लिहायला लावत. पाच. साडेपाच. सहा. आठ करून बघितले, जास्त झाले. सतराव्या रविवारी सातावर गाडी थांबली. दोन्ही कांड्या जवळजवळ एकदमच वर गेल्या, पांढरी एका पापणीने आधी. वहिनी म्हणाल्या, "आता तरी चहा घ्याल का?"

मिस्त्रींनी चहा घेतला. "सात," म्हणाले. "लिव. खाली रेघ मार."

मी रेघ मारली.

याच सुमाराला जवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या कानावर ही गाडी गेली. त्यांच्या मुलांना स्पर्धेसाठी अशीच गाडी बांधायची होती आणि वर्कशॉपमध्ये शिकवायला हाताने काम येणारा माणूस हवा होता. ते म्हणाले, एका रविवारी येतो, गाडी थांबवून दाखवा, मग प्राचार्यांशी बोलतो. मिस्त्रींनी तीस वर्षांत शंभरेक पोरं शिकवली होती, पण शिकवणारा म्हणून त्यांचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. ही एक गोष्ट त्यांना आयुष्यभर हवी होती. बोलले एकदाच.

"मेहता, कालेजातली पोरं मला काय म्हनतील? मिस्त्री का सर?"

"सर."

 नंतर वहिनींकडून कळलं की त्यांनी घरात सराव सुरू केला आहे. वहिनींनी स्वयंपाकघरातून "सर" अशी हाक मारायची आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत मान वळवायची. पहिले दोन दिवस ते वळलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मला तर वाटतं यांच्या लक्षातच येत न्हाय, सर म्हंजे हेच."

आता माझं सांगतो.

आमच्या भागात सायकल घेतली की पहिलं काम पुढच्या ब्रेकची तार सैल करायची. बाप मुलाला हेच शिकवी: पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर पडशील. पाळीला येणाऱ्या कारागिरांच्या शंभर सायकली कारखान्याबाहेर लागत, त्यांतल्या नव्वदांचा पुढचा ब्रेक नुसता शोभेचा. स्कूटर आली तरी आमचा पाय मागच्याच ब्रेकवर. माझा धाकटा भाऊ पुढचा ब्रेक दाबून हँडलवरून गेला होता. त्याचे दोन दात वज्रेश्वरी रस्त्यावर राहिले. सबंध गावात दोन्ही ब्रेक सारखे वापरणारा माणूस एकच, आणि तो विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता.

तेव्हा पुस्तक मी वाचलं, पण विश्वास भावाच्या दातांवर ठेवला. ब्रेक लागताना त्या गाडीचं नाक जमिनीकडे जायचं आणि माझी जीभ आपोआप पुढच्या दातांवर जायची. मी दोन-तीनदा म्हणालो, "मिस्त्री, पुढचा थोडा कमी करा." ते म्हणाले, "मेहता, तू वाचायचं काम कर." हे सगळ्यांसमोर म्हणाले नाहीत, फक्त वहिनींसमोर म्हणाले. तरी मला लागलं. काळजीने केलं असं मी स्वतःला फार दिवस सांगत होतो. काळजी होतीच. पण तिच्या शेजारी दुसरंही काही बसलेलं होतं, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मिस्त्री पेट्रोल आणायला कॅन घेऊन गेले. शेडमध्ये मी एकटाच होतो. दोन पाने घेतले, पेडलखाली वाकलो, नट सोडला आणि रॉड मागच्या चाकांकडे तीन आटे फिरवला. सातचे चार झाले. मग नट पुन्हा घट्ट केला, अगदी व्यवस्थित, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. मिस्त्री परत आले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

उद्या सकाळी ते आधी एकदा गाडी चालवून बघतीलच, फरक कळला तर फिरवून घेतील, नाही कळला तर माझं बरोबर होतं, असं मी धरून चाललो. रविवारी प्राध्यापक अर्धा तास लवकर आले.

मिस्त्री नवीन निळा एप्रन घालून होते. वहिनींनी शिवला होता, खडूसाठी वेगळा खिसा ठेवून. प्राध्यापक म्हणाले, "चला, दाखवा, मला पुढे एका लग्नाला जायचंय." मिस्त्री गाडीत बसले. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. परक्या माणसासमोर कसं बोलायचं, असं वाटलं. मी कांडी घेऊन माझ्या जागेवर गेलो.

गाडी पट्ट्यावरून आली. चाळिसाचा वेग असेल. खुणेवर मिस्त्रींनी ब्रेक दाबला. मागच्या चाकाची रेघ जागीच थिजली आणि माझा हात सवयीने वर गेला. लाल कांडी आधी वर गेली. वहिनींची पांढरी वर गेलीच नाही, कारण तोपर्यंत पुढचं चाक वहिनींच्या समोर नव्हतं. गाडी एकदा स्वतःभोवती फिरली, आणखी अर्धी फिरली, लाकडी पॅलेटच्या ढिगाला मागून धडकली आणि जिकडून आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली.

कोणाला लागलं नाही. हेही मी सात वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

प्राध्यापक सभ्य माणूस. त्यांनी आधी मिस्त्रींना हात देऊन बाहेर काढलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "मिस्त्री, हात चांगला आहे तुमचा. पण या गोष्टींना थिअरी लागते. मुलांचा जीव असतो त्यात." आणि लग्नाला गेले. ती जागा पुढे एका डिप्लोमावाल्याला मिळाली.

ते गेल्यावर मिस्त्री पेडलखाली वाकले. बराच वेळ वाकलेले होते.

"चार," म्हणाले. "मेहता, वही बग."

मी वही उघडली. रेघ मारलेला सात त्यांच्यासमोर धरला.

"नट घट हाय," ते म्हणाले. नट सैल सापडला असता तर त्यांनी गाडीच्या थरथरण्याला दोष दिला असता. मी तो फारच नीट घट्ट केला होता.

वहिनी म्हणाल्या, "कोनी हात लावला का याला?"

"कोन लावील?" मिस्त्री म्हणाले. "मेहता हुता की हितं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता, मी काही बोलेन अशी अपेक्षा होती. मी बोललो नाही.

"म्हंजे मीच फिरवला," मिस्त्री म्हणाले. "आन मला आठवत न्हाय." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

आणि मग मी बोललो. म्हणालो, "वयात होतं असं, मिस्त्री."

त्या दिवसानंतर त्यांनी पाना उचलला नाही. शेजारपाजारचे कारखानेवाले अजून बोलवायला येत. ते सांगत, "माझा हात इसरतो. दुसरा बगा." गॅसचं बटण तीनदा बघत, मग वहिनींना बघायला लावत. सायकल पुतण्याला देऊन टाकली. मानकोली नाक्यावरून आम्ही जायचो, पण हात खिशात असत. एकदा मी म्हणालो, "बघा ना, तो पुढचा ट्रक." म्हणाले, "मी सांगीन आन तो माझं ऐकंल. मग?"

वहिनींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मिस्त्रींनी न अडखळता दोनपर्यंत आणून सोडलं आणि विचारलं, "अजून खाली जाऊ?" डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगली स्मरणशक्ती आहे." बाहेर आल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "त्याला काय ठाव. त्याला कुठं आटे मोजायचे हायेत."

सांगायचे प्रयत्न मी केले. दोनदा त्यांच्या घरी गेलो, तर पाहुणे होते. एकदा अकलोलीला. ते पाण्यात पाय सोडून बसले होते, हात मांडीवर. मी सुरुवात करणार तेवढ्यात म्हणाले, "मेहता, तू हायेस म्हनून बरं. तू सांगतोस ते खरं धरून चालतो मी आता." याच्यानंतर काय बोलणार. मी पेरू सोलायला घेतला. पेरू सोलत नाहीत, हे मला अर्धा सोलल्यावर कळलं.

शेवटचा प्रयत्न ते जाण्याच्या दहा दिवस आधीचा. छातीत पाणी झालं होतं, घरीच होते. दुपारी वहिनी औषध आणायला बाहेर गेल्या होत्या. मी घरून वाक्य ठरवून निघालो होतो. रिक्षात दोनदा म्हणूनही बघितलं. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणालो, "मिस्त्री, त्या रॉडबद्दल मला एक..."

त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. मीच बोलनार हुतो," ते म्हणाले. मधे थांबून थांबून बोलत होते. "सतरा रईवार तू उनात उभा ऱ्हायलास. घरदार सोडून. तुझं काय हुतं त्यात? काय न्हाय. आन मी सगळ्यांम्होरं असा घोळ घातला. तुला बी मान खाली घालाय लावली. तवाच बोलाय पायजे हुतं. जीभ न्हाय रेटली." त्यांनी माझं मनगट धरलं. "माफ कर, मेहता."

माझं वाक्य तोंडात तयार होतं. लहान होतं. त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"असू द्या, मिस्त्री," मी म्हणालो.

"मनापासनं?"

"मनापासून."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल पडला. पुष्कळ दिवसांनी त्यांना बरं वाटलेलं दिसलं. वहिनी येईपर्यंत मी बसलो. मग त्यांना माफ करून घरी आलो.